हातगुणाचे शास्त्र

“आमच्या डॉक्टरांच्या हाताला गुण आहे हो! ते नुसते समोर येऊन बसले, तरी निम्मे दुखणे पळते.” असे उद्गार तुम्ही आजीच्या किंवा शेजारच्या काकूंच्या तोंडून कधी ना कधी ऐकलेच असतील. गंमत अशी, की त्याच गावात दुसरेही डॉक्टर असतात. त्यांची पदवी तीच, गोळ्याही त्याच. पण त्यांच्याविषयी असे कोणी बोलत नाही. मग हा हातगुण म्हणजे आहे तरी काय? ती लोकांची नुसती समजूत म्हणायची, की तिच्यात काही तथ्य आहे?

मित्रांनो, विज्ञानाच्या विद्यार्थ्याने अशा वेळी ‘असेल बुवा’ म्हणून गप्प बसायचे नसते. ही गोष्ट मोजून पाहता येईल का, असा प्रश्न विचारायचा असतो. तो प्रश्न शास्त्रज्ञांनी विचारला आणि त्यातून एक मोठी मनोरंजक हकिगत उभी राहिली. तीच आज आपण पाहू.

खोटी सुई, खरा उतार

काही माणसांना वरचेवर पोटात कळा येतात, कधी जुलाब तर कधी मलावरोध होतो. पण तपासणीत आतड्याला कोठे जखम किंवा सूज आढळत नाही. या विकाराला ‘क्षोभी आतडे’ म्हणता येईल. अमेरिकेतील बोस्टन येथे टेड कॅपचक आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी अशा २६२ रुग्णांवर एक प्रयोग केला. तो २००८ साली प्रसिद्ध झाला.

रुग्णांचे तीन गट पाडले. पहिल्या गटाची नावे नुसती प्रतीक्षायादीवर ठेवली. दुसऱ्या गटाला सुया टोचण्याचा चिनी पद्धतीचा उपचार दिला; पण त्या सुया खोट्या होत्या. टेकवताच सुई मुठीत मागे सरके आणि कातडीत शिरतच नसे. हा उपचार करणारा रुग्णाशी जेवढ्यास तेवढेच बोले. तिसऱ्या गटालाही त्याच खोट्या सुया मिळाल्या. पण इथे उपचारक पहिल्या भेटीत पाऊण तास रुग्णाजवळ बसला. त्याने आस्थेने चौकशी केली, रुग्णाचे शब्द पुन्हा उच्चारून आपल्याला नीट समजले ना याची खात्री करून घेतली आणि मधे थोडा वेळ शांत राहून विचारही केला.

तीन आठवड्यांनी प्रत्येकाला विचारले, “तुम्हाला पुरेसा आराम पडला का?” पहिल्या गटात शंभरापैकी २८ जणांनी ‘हो’ म्हटले, दुसऱ्यात ४४ जणांनी आणि तिसऱ्यात ६२ जणांनी!

आता जरा विचार करा. दुसऱ्या आणि तिसऱ्या गटात सुई तीच होती आणि तीही खोटी. फरक होता तो फक्त माणसाच्या वागण्यात. म्हणजे शंभरात अठरा जणांचा जादा आराम हा त्या आस्थेचा हिशेब झाला. आजीचे म्हणणे अगदीच वावगे नव्हते तर!

जिथे सुईही नाही आणि गोळीही नाही

पोटाच्या दुखण्यात निदान सुई तरी होती. पण काही उपचारांत हातात काहीच नसते. सतत उदास वाटणे, विनाकारण धास्ती वाटणे, झोप उडणे, एखाद्या दुःखातून बाहेरच पडता न येणे अशा तक्रारी घेऊन माणूस मानसोपचारकाकडे जातो, तेव्हा पुष्कळदा दोन खुर्च्या समोरासमोर मांडलेल्या असतात आणि दोन माणसे बोलत असतात. बाकी काही नाही. मग या उपचारात गुण येतो तो कशाने?

या प्रश्नाचा पिच्छा पुरवणारा एक संशोधक म्हणजे कार्ल रॉजर्स. त्याचा जन्म १९०२ सालचा, शिकागोजवळच्या एका गावातला. लहानपणी त्याला रात्री उडणारे पतंग पाळून त्यांचे निरीक्षण करण्याचा नाद होता आणि महाविद्यालयात तो आधी शेतीशास्त्र शिकायला गेला. पुढे तो मानसशास्त्राकडे वळला आणि रॉचेस्टर शहरात अडचणीत सापडलेल्या मुलांसाठी काम करू लागला.

तिथला एक प्रसंग त्याने लिहून ठेवला आहे. एका व्रात्य मुलाच्या आईशी तो कित्येक भेटी बोलत होता. ‘तुम्ही मुलाला लहानपणी नाकारलेत, म्हणून तो असा वागतो’ हे तिला पटवून देण्याचा त्याचा प्रयत्न चालला होता. त्याची मीमांसा कदाचित बरोबरही असेल. पण बाईंच्या गळी ती उतरेना. शेवटी दोघांनी हार मानली आणि हस्तांदोलन करून निरोप घेतला. बाई दारापर्यंत गेल्या, मागे वळल्या आणि म्हणाल्या, “तुम्ही इथे मोठ्या माणसांनाही सल्ला देता का?” रॉजर्स ‘हो’ म्हणताच त्या पुन्हा खुर्चीत बसल्या आणि आपल्या संसारातले सारे दुःख त्यांनी भडाभडा सांगून टाकले. या वेळी रॉजर्सने काही पटवून दिले नाही. तो ऐकत गेला. खरा उपचार त्या दिवशी सुरू झाला, असे तो म्हणतो.

कोठे दुखते आहे हे दुखणाऱ्यालाच ठाऊक असते, हा धडा त्याने त्यातून घेतला. ‘ज्याचे जळते त्यालाच कळते’ अशी आपल्याकडे म्हण आहे. उपचारकापुढचा प्रश्न असा, की ज्याचे जळत नाही त्याला ते कळावे कसे?

सहानुभूती वेगळी, समानुभूती वेगळी

यासाठी लागणाऱ्या गुणाला ‘समानुभूती’ म्हणतात. हा शब्द सहानुभूतीसारखा दिसतो, पण अर्थ निराळा आहे. एका उदाहरणाने तो स्पष्ट होईल.

तुमचा मित्र शाळेतून परतताना म्हणतो, “माझा गणिताचा पेपर पार बिघडला. आता बाबांना काय सांगू?” त्याला तीन मित्रांनी तीन उत्तरे दिली.

पहिला म्हणाला, “त्यात काय एवढे! पुढच्या वेळी मिळतील मार्क.” हा झाला दिलासा. हेतू चांगला, पण त्यात ‘तुझे दुःख क्षुल्लक आहे’ असेही नकळत सांगितले गेले.

दुसरा म्हणाला, “अरेरे! बिचारा! फार वाईट झाले.” ही झाली सहानुभूती. काठावर उभे राहून बुडणाऱ्याविषयी हळहळावे तशी.

तिसरा क्षणभर थांबला आणि म्हणाला, “पेपरापेक्षा घरी कसे सांगायचे, याचीच तुला जास्त धास्ती वाटते आहे. असेच ना?” ही समानुभूती!

तिसऱ्याने काय केले ते नीट पाहा. तो मित्राच्या जागी जाऊन उभा राहिला आणि तिथून त्याला जे दिसले ते त्याने शब्दांत मांडले. पण तेवढ्यावर तो थांबला नाही. ‘असेच ना?’ असे विचारून त्याने आपला अंदाज तपासायला मित्राकडेच दिला. मित्र कदाचित म्हणेल, “नाही रे, बाबा रागावत नाहीत. ते गप्प बसतात, तेच मला सोसवत नाही.” म्हणजे अंदाज चुकला, पण चुकल्यामुळेच खरी गोष्ट बाहेर आली. शास्त्रज्ञ अनुमान करतो, प्रयोगाने ते पडताळतो आणि चुकले तर सुधारतो. समानुभूतीची रीतही तीच आहे. म्हणून ती केवळ मायाळू स्वभावाची देणगी नाही, ते शिकून आणि सरावाने साधणारे कौशल्य आहे.

यात आणखी एक पथ्य आहे. दुसऱ्याच्या जागी उभे राहायचे, पण आपण त्या जागचे नाही हे विसरायचे नाही. रुग्णाबरोबर उपचारकही रडू लागला, तर रुग्णाला धरायला हात कोणाचा उरणार?

तबकडीवरचे संभाषण

हे सारे ऐकायला छान वाटते, पण पुरावा? बंद दाराआड कोण काय बोलले, हे बाहेरच्याला कसे कळणार? उपचारकाची आठवण विश्वासार्ह धरता येत नाही, कारण आपण फार समजूतदारपणे वागलो असेच प्रत्येकाला आठवते.

१९४० नंतर ओहायो स्टेट विद्यापीठात असताना रॉजर्स व त्याच्या सहकाऱ्यांनी यावर तोड काढली. त्यांनी ही संभाषणे ग्रामोफोनच्या तबकड्यांवर मुद्रित केली. तबकडी काही मिनिटांतच भरे आणि सारखी बदलावी लागे. तरीही १९४२ साली त्याने एका रुग्णाच्या आठही भेटी शब्दशः पुस्तकात छापल्या. नाव अर्थातच बदलले होते. आता कोणीही संशोधक ते संभाषण वाचू शकत होता. उपचारक किती वेळा मधे तोडतो, किती वेळा उपदेश करतो, किती वेळा समजून घेतो, हे मोजू शकत होता. सूक्ष्मदर्शकाने जीवशास्त्राला जे दिले, तेच या तबकड्यांनी मानसोपचाराला दिले.

१९५७ साली रॉजर्सने आपले मत स्पष्टपणे मांडले. उपचारकाची समानुभूती, रुग्णाचा विनाअट स्वीकार आणि वागण्यातला सच्चेपणा हे मनात बदल घडवण्यासाठी आवश्यक आहेतच, शिवाय पुरेसेही आहेत, असे तो म्हणाला. ‘पुरेसे’ हा शब्द अनेकांना पटला नाही आणि आजही तो वादाचा आहे. ‘आवश्यक’ या शब्दाच्या बाजूने मात्र बरेच बळ जमा झाले. २०१८ साली ८२ गटांतील ६१३८ रुग्णांची माहिती एकत्र करून पाहिली, तेव्हा समानुभूती आणि उतार यांचा सहसंबंध ०.२८ इतका आला. काहीच संबंध नसेल तर हा आकडा शून्य येतो आणि पुरेपूर असेल तर एक. म्हणजे हा संबंध मध्यम आहे. सर्व काही नव्हे, पण नगण्यही नव्हे.

इथे सावध विद्यार्थी म्हणेल, “बरे वाटू लागल्यामुळेच रुग्णाला उपचारक समजूतदार वाटला नसेल कशावरून?” शंका रास्त आहे. सहसंबंध म्हणजे कारण नव्हे. म्हणूनच बोस्टनसारखे प्रयोग महत्त्वाचे. तिथे आस्था किती द्यायची हे आधी ठरवले होते आणि उतार नंतर मोजला होता.

असे का होते?

याची काही कारणे आपल्याला ठाऊक आहेत. आपले म्हणणे कोणी समजून घेत नाही असे दिसले, की माणूस स्वतःचा बचाव करू लागतो. तो खरी गोष्ट लपवतो. मग उपचारकाचे निदान चुकते. उलट समजून घेणारे माणूस भेटले, की तो मोकळा होतो, पुढच्या भेटीला येतो आणि सांगितलेले करूनही पाहतो.

दुसरे कारण मेंदूत आहे. आपल्या मेंदूत खोलवर बदामाच्या आकाराचा एक भाग आहे. त्याला अमिग्डाला म्हणतात. धोक्याची चाहूल लागली, की तो चेततो. २००७ साली लॉस एंजेलिस येथे मॅथ्यू लिबरमन यांनी काही जणांना रागावलेल्या व घाबरलेल्या चेहऱ्यांची चित्रे दाखवली आणि त्याच वेळी त्यांच्या मेंदूचे चित्रण केले. चेहऱ्यावरच्या भावनेला योग्य नाव देत असताना अमिग्डालाची चेतना कमी झालेली दिसली. भावनेला शब्द मिळाला, की तिची धार थोडी बोथट होते. ‘बोलल्याने मन हलके होते’ असे आपण म्हणतो ते काही उगीच नाही. समजून घेणारा उपचारक नेमके हेच करतो. तो रुग्णाला त्याच्या भावनेसाठी शब्द शोधायला मदत करतो.

यंत्राला हे जमेल का?

१९६६ साली अमेरिकेतील एमआयटी या संस्थेत जोसेफ वायझेनबॉम यांनी एक संगणक-कार्यक्रम प्रसिद्ध केला. त्याचे नाव ‘एलायझा’. हे नाव बर्नार्ड शॉ यांच्या ‘पिग्मॅलियन’ नाटकातील फुलवालीचे. ‘ती फुलराणी’ पाहिलेल्यांना तिच्याच जागी पु. ल. देशपांडे यांनी उभी केलेली मंजुळा आठवेल. हा कार्यक्रम रॉजर्सच्या पद्धतीच्या उपचारकाचे सोंग आणी.

त्याची युक्ती सोपी होती. समोरच्याच्या वाक्यातला एखादा शब्द हेरायचा, ‘मी’चे ‘तुम्ही’ करायचे आणि वाक्य प्रश्न म्हणून परत करायचे. मराठीत सांगायचे तर ‘मला फार उदास वाटते’ असे टंकलिखित केले, की उत्तर येणार, ‘तुम्हाला फार उदास वाटते, याचे मला वाईट वाटते.’ ‘आई’ हा शब्द आला, की ‘तुमच्या घरच्यांविषयी आणखी सांगा.’ उदास म्हणजे काय आणि आई म्हणजे कोण, याचा यंत्राला पत्ताही नव्हता.

तरीही नवल घडले. वायझेनबॉम यांच्या चिटणीस बाईंनी हा कार्यक्रम तयार होताना महिनोन्‌महिने पाहिला होता. तरी यंत्राशी थोडे बोलणे होताच त्यांनी वायझेनबॉम यांनाच खोलीबाहेर जाण्याची विनंती केली! वायझेनबॉम चकित झाले आणि अस्वस्थही. काही कामे यंत्राला जमली तरी त्याच्यावर सोपवू नयेत, असे त्यांनी १९७६ सालच्या आपल्या पुस्तकात आग्रहाने मांडले.

आजची संभाषण करणारी यंत्रे एलायझाच्या कितीतरी पुढे गेली आहेत. २०२३ साली लोकांनी विचारलेल्या आरोग्यविषयक १९५ लेखी प्रश्नांना डॉक्टरांनी आणि यंत्राने दिलेली उत्तरे शेजारी शेजारी ठेवली, तेव्हा तज्ज्ञांनी बहुतेक वेळा यंत्राचे उत्तर पसंत केले आणि त्यात आपुलकीही अधिक दिसली असे सांगितले. म्हणजे समजूतदार शब्द यंत्राला जमतात, हे मान्य केले पाहिजे. घाईत असलेल्या डॉक्टरांना त्यात एक टोमणाही आहे.

पण एलायझाची गोष्ट आपल्याला दुसरी बाजूही शिकवते. आपण समजून घेण्याला इतके भुकेलेले असतो, की त्याची सावली दिसली तरी धावत सुटतो. उपचाराचे नाते मात्र एका उत्तरापाशी संपत नाही. ठरलेल्या दिवशी रुग्ण आला नाही तर चौकशी करणारे, त्याच्या गप्प बसण्याचा अर्थ लावणारे आणि आपल्या शब्दांची जबाबदारी घेणारे कोणीतरी तिथे लागते.

आजीबाईंचा बाक

असे ‘कोणीतरी’ सर्वांना मिळणार कसे? आफ्रिकेतील झिम्बाब्वे देशात मानसोपचारतज्ज्ञ बोटांवर मोजण्याइतकेच. तिथले डॉ. डिक्सन चिबांडा यांची एक तरुण रुग्ण दगावली. इस्पितळापर्यंत यायला तिच्या घरच्यांपाशी बसभाड्याचे पैसे नव्हते. डॉक्टरांना ते फार लागले. २००६ साली हरारे शहरात त्यांनी चौदा आजीबाईंना प्रशिक्षण दिले. दवाखान्याच्या आवारात झाडाखाली लाकडी बाक टाकला. त्याचे नाव ‘मैत्रीचा बाक’. तिथल्या शोना भाषेत मनाच्या या दुखण्याला ‘कुफुंगिसिसा’ म्हणतात, म्हणजे फार विचार करणे. आजीबाई तोच घरगुती शब्द वापरीत, आधी सारे ऐकून घेत आणि मग रुग्णालाच आपल्या अडचणीतून वाट शोधायला लावीत.

ही पद्धत ५७३ रुग्णांवर तपासून पाहिली. निकाल २०१६ साली प्रसिद्ध झाला. सहा महिन्यांनंतर नेहमीचे उपचार घेतलेल्यांपैकी सुमारे ५० टक्के लोकांत औदासीन्याची लक्षणे होती. बाकावर बसलेल्यांत ती सुमारे १४ टक्केच उरली.

आपल्या शेजारच्या गोव्यातही असेच काम झाले. डॉ. विक्रम पटेल आणि ‘संगथ’ या संस्थेने, डॉक्टर नसलेल्या साध्या माणसांना समुपदेशनाचे शिक्षण दिले. प्राथमिक आरोग्य केंद्रांतल्या तीव्र औदासीन्याच्या ४९५ रुग्णांवर केलेल्या प्रयोगाचा निकाल २०१७ साली आला. तीन महिन्यांनी या समुपदेशकांच्या गटात ६४ टक्के लोकांची लक्षणे ओसरली होती, तर दुसऱ्या गटात ३९ टक्के लोकांची. हे समुपदेशक आपल्या संभाषणांचे ध्वनिमुद्रण एकत्र बसून ऐकत आणि एकमेकांना गुण देत. रॉजर्सची तबकडी अशी गोव्यापर्यंत पोहोचली!

लक्षात घ्या, त्या आजीबाई नुसत्या प्रेमळ होत्या म्हणून हे घडले नाही. आस्थेला प्रशिक्षणाची आणि ठरावीक पद्धतीची जोड होती.

समजून घेण्याच्या मर्यादा

समानुभूती म्हणजे जादू नव्हे. बोस्टनच्या रुग्णांना आराम वाटला, पण आस्थेने मोडलेले हाड जुळत नाही की हिवतापाचे जंतू मरत नाहीत. मनाच्या काही तीव्र विकारांतही औषधे लागतातच आणि ती डॉक्टरांच्या सल्ल्यानेच घ्यायची असतात. समजून घेणे हे औषधाची जागा घेण्यासाठी नाही. ते औषधाला वाट करून देण्यासाठी आहे.

तुमच्या वर्गातही एखादा मुलगा अलीकडे गप्प गप्प राहत असेल, एखादी मैत्रीण डबा न उघडताच परत नेत असेल. तुम्ही काही मानसोपचारक नाही आणि तसे होऊही नका. पण शेजारी बसून दोन मिनिटे उपदेश न करता ऐकणे, आणि ‘तुला असे वाटते आहे ना?’ असे विचारणे, एवढे तुम्हाला नक्की जमेल. त्याचे बोलणे चारचौघांत सांगू नका. मात्र जिवाचे बरेवाईट करण्याची भाषा त्याच्या तोंडी आली, तर ते गुपित ठेवायचे नसते. त्याच दिवशी आईवडिलांना किंवा शिक्षकांना सांगायचे. भारत सरकारने ऑक्टोबर २०२२ मध्ये ‘टेलि-मानस’ ही दूरध्वनी-सेवा सुरू केली आहे. तिचा क्रमांक १४४१६.

आणि आता आजी पुन्हा म्हणाली, “आमच्या डॉक्टरांच्या हाताला गुण आहे,” तर हसू नका. तिचे निरीक्षण बरोबर आहे. फक्त तो गुण हातात नाही, कानात आहे!